चोवीस खुर्च्या आणि न उमटणारा अंगठा

२ मार्च, सोमवार

हेडक्लार्क म्हणून निवृत्त होताना ह्यांनी सात कोरी रजिस्टरं विकत घेतली होती. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. त्यातलं एक आज मी न विचारता उचललं आहे. मला रोज लिहायची सवय नाही आणि लागेल असंही वाटत नाही. पण आज एक पैज लावली आहे आणि ती कुठेतरी लिहून ठेवलेली बरी. नाही तर उद्या बाप-लेक दोघंही म्हणतील, असं काही ठरलंच नव्हतं.

सकाळी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या वेतकामाच्या दुकानात आल्या. त्यांच्या वाचनकक्षातल्या चोवीस खुर्च्यांच्या वेताच्या बैठका फाटल्या आहेत. वरच्या लोकांनी प्लास्टिकच्या घ्या म्हणून सांगितलं होतं, पण बाई हट्टाला पेटल्या. मला हट्टी बायका आवडतात. काम तीस एप्रिलपर्यंत पुरं करायचं, निम्मे पैसे आगाऊ, निम्मे शेवटी. आणि पैसे फक्त ऑनलाइन. रोख नाही, चेक नाही. मी हो म्हणून टाकलं. त्या ऑनलाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

आता पैज. ह्यांनी आणि लेकीने मिळून माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की एप्रिलअखेर दुकान बंद करायचं आणि लेकीच्या गावी राहायला जायचं. आज मी दोघांना सांगितलं, या चोवीस खुर्च्या वेळेत गेल्या तर दुकान राहील. नाही गेल्या तर किल्ली मी स्वतः घरमालकाच्या हातावर ठेवीन. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू पण ना." हे काहीच बोलले नाहीत, म्हणजे कबूल.

५ मार्च, गुरुवार

लेक एका दिवसासाठी आली आणि माझ्या मोबाइलमध्ये पैशांचं अ‍ॅप घालून गेली. ओळख पटवायला बोट लाव म्हणाली. लावलं. 'ओळख पटली नाही.' धुऊन लावलं, पुसून लावलं, दहाही बोटं लावून झाली. सासऱ्यांनी हातात वेत दिला त्याला पस्तीस वर्षं झाली. ओला वेत ओढून ओढून बोटांवरच्या रेषा कधी झिजून गेल्या, मलाही कळलं नव्हतं.

लेक म्हणाली, बाबांचा अंगठा लावू, जन्मभर कागदच हाताळलेत, अगदी कोरा करकरीत असेल. मी नाही म्हटलं. दुकान माझं, काम माझं, मग अंगठा ह्यांचा कशाला? हे तिथेच पेपर वाचत बसले होते. पेपर जरासा वर गेला, एवढंच.

शेवटी चार आकड्यांचा पिन घालून गाडं पुढे सरकलं. लेक म्हणाली, पैसे यायला एवढं पुरे, पूर्ण ओळख नंतर पटवता येईल. पिन ह्यांनी ताबडतोब आपल्या रजिस्टरात उतरवून घेतला. तोही 'धोबी' या सदराखाली, म्हणजे चोराला सापडायला नको. आमच्याकडे दहा वर्षांत धोब्याला कपडे गेलेले नाहीत.

९ मार्च, सोमवार

आगाऊ रक्कम आली. मोबाइल टिंग वाजला आणि आकडा दिसला. मी दोनदा चष्मा पुसून बघितला.

लगेच वेताच्या वखारवाल्याला पैसे पाठवायला गेले, तर अ‍ॅप म्हणतं, 'तुमची ओळख अपूर्ण आहे, रक्कम पाठवता येणार नाही.' म्हणजे आत यायला दार उघडं आणि बाहेर जायला बंद, उंदराच्या पिंजऱ्यासारखं. घरात सात खुर्च्यांपुरता वेत आहे. सतरा खुर्च्यांचा आणायचा आहे.

तरी पहिली खुर्ची सुरू केली. अर्धा तास वेत भिजवला, भोकं साफ केली, खुंट्या मारून उभ्या पट्ट्या ओढल्या. उभ्या, आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, मग दोन्हीकडून तिरप्या आणि शेवटी काठ, अशा सात फेऱ्या. सासरे सांगायचे, पट्टीला पहिल्या फेरीत पीळ पडला तर तेव्हा काही दिसत नाही, पाचव्या फेरीत दिसतो आणि मग सगळं उसवावं लागतं.

११ मार्च, बुधवार

अ‍ॅपमध्ये मदतीची खिडकी आहे. तिथे एक बाई गोड बोलते, पण ती बाई नाहीच, यंत्र आहे. मी लिहिलं, ओळख पटत नाही. ती म्हणाली, बोट लावा. मी लिहिलं, बोट चालत नाही. ती म्हणाली, बोट स्वच्छ पुसून लावा. मी लिहिलं, रेषा झिजल्या आहेत. ती म्हणाली, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. मी एक दिला. तिने मनापासून आभार मानले.

माणूस भेटतो असं त्यांचं एक केंद्र आहे, पण तिथली सगळ्यात लवकरची वेळ दोन एप्रिलची मिळाली. तोपर्यंत वेताशिवाय मी काय हवेने खुर्च्या विणू? हे म्हणाले, "मी ऑफिसात असतो तर असलं प्रकरण एका दुपारी मार्गी लावलं असतं." मी म्हटलं, तुमचं ऑफिस आता तुमच्याशिवायही चालतं. असं बोलायला नको होतं.

१२ मार्च, गुरुवार

देव भेटला म्हणायचं. अ‍ॅपच्या नावाने मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्यांच्या मदतकेंद्राचा फोन नंबर सापडला. लावला तर पहिल्या घंटेला उचलला. इतका गोड मुलगा. मावशी, मावशी करून बोलत होता. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. बोटांचं सांगितलं तर म्हणाला, कष्टाचे हात आहेत मावशी, माझ्या आईचेही असेच आहेत. मला भरूनच आलं.

त्याने कार्डाचे आकडे आणि जन्मतारीख लिहून घेतली. उद्या सकाळी काम करून देतो म्हणाला. मी म्हटलं, उद्या अकराला मी वखारीत असेन. मग त्याने घरी दुसरं कोण असतं ते विचारलं आणि दुकानाच्या जुन्या फोनचा नंबरही घेतला. मोबाइल पूर्ण चार्ज करून घरीच ठेवून जा, असंही आठवणीने सांगितलं. एवढी काळजी कोण करतं आजकाल? लेकीला सांगायला फोन केला होता, पण ती कामात होती.

१३ मार्च, शुक्रवार, दुपार

वखारीत जाऊन वेत निवडून आले. लांब, सरळ, गाठी कमी. सतरा खुर्च्यांच्या जुड्या बाजूला ठेवून घेतल्या आणि संध्याकाळी पैसे पाठवते म्हटलं. वखारवाल्याने वेळ घालून चिठ्ठी करून दिली.

परत आले तर हे दारातच उभे. त्या मुलाचा फोन आला का विचारलं, तर नाही म्हणाले आणि आत गेले. मोबाइल मी ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावून गेले होते. चार्जर ड्रॉवरमध्येच होता, मोबाइल मात्र टेबलावर, जुन्या फोनशेजारी, आणि त्याच्यावर ह्यांचा चष्मा. घड्याळ बघायला घेतला असेल.

संध्याकाळ

पैसे गेले. सगळे.

१४ मार्च, शनिवार

काल वखारवाल्याला पैसे पाठवायला अ‍ॅप उघडलं तर आकड्याच्या जागी शून्य. त्या मुलाच्या नंबरवर फोन लावला, तो बंद. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कार्डाचे आकडे मीच दिले, जन्मतारीख मीच दिली, दुकानाचा नंबर मीच दिला. चोराच्या हाती किल्ली देऊन वर त्याला आशीर्वाद दिले. मी ह्यांना म्हटलं, चूक माझी आहे, मूर्ख मी आहे. हे भिंतीकडे बघत होते. 

रडायला वेळ नव्हता. त्याच पावली पोलीस ठाण्यात गेले. तिथे ऑनलाइन फसवणुकीचं वेगळं टेबल आहे आणि त्यावर एक पोलीसबाई बसते, सतत खोकणारी, कपाळाला आठी. तिने पहिल्यांदा विचारलं ते वेळेचं. दोन तासांत आला असता तर बरं झालं असतं, तरी सहा तास म्हणजे फार वाईट नाही म्हणाली. तक्रार घेतली, अ‍ॅपच्या कंपनीलाही कळवलं. निघताना म्हणाली, "लोक लाजेपायी अर्धंच सांगतात. अर्ध्यावर मला काही करता येत नाही." मी म्हटलं, मी पूर्ण सांगितलं आहे.

घरी येऊन तिचं हे वाक्य ह्यांना सांगितलं. हे उठून कप विसळायला गेले. कप स्वच्छच होते.

१७ मार्च, मंगळवार

मी अशी हातपाय गाळून बसणारी नाही. काल ग्रंथपालबाईंकडे जाऊन झालं ते सगळं सांगितलं. वाटलं होतं, काम काढून घेतील. त्या बराच वेळ पेन्सिल फिरवत बसल्या, मग म्हणाल्या, सहा-सहा करून खुर्च्या द्या, दर सहाचे पैसे मी लगेच पाठवीन, तोपर्यंत तुमच्या खात्याचं काय ते निस्तरा. तारीख मात्र तीच.

तिथून वखारीत. वखारवाला ऐकून हसायलाच लागला. म्हणाला, मी स्वतः दोनदा फसलोय, बायकोला एकदाचंच सांगितलंय. पहिल्या जुड्या त्याने विश्वासावर दिल्या. ही गंमत मी ह्यांना सांगितली. हे हसले नाहीत. हल्ली ह्यांना विनोदच कळत नाहीत.

पण एक लिहायलाच हवं. एवढे पैसे गेले आणि हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. उलट वेत भिजवायला बादली भरून ठेवतात, स्वयंपाकाला हात लावतात, मला खुर्चीवर उशी आणून देतात. एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तरी आठवडाभर ऐकवणारा माणूस. इतक्या मोठ्या मनाचा असेल असं पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. मला माझीच जास्त लाज वाटते.

पाच खुर्च्या झाल्या.

२० मार्च, शुक्रवार

कंपनीचं उत्तर आलं. 'तेरा मार्चला सकाळी अकरा वाजून आठ मिनिटांनी ग्राहकाने बोटाच्या ठशाने ओळख पटवली व त्यानंतर रक्कम पाठवली. सबब कंपनी जबाबदार नाही.'

वाचून डोकंच फिरलं. बोटाचा ठसा? माझ्या बोटाचा? ज्या बोटांनी पंधरा दिवस त्यांच्या यंत्राला घाम फोडला, ती अकरा वाजून आठ मिनिटांनी एकदम उमटली? आणि त्या वेळी मी वखारीत होते. चिठ्ठीवर वेळ आहे, अकरा पाच. इतकं धडधडीत खोटं. चोर परवडला, तो निदान मावशी तरी म्हणाला.

आता मी सोडणार नाही. ह्यांना म्हटलं, चिठ्ठी घेऊन परत पोलीसबाईकडे जाते, कंपनीला खोटं पाडते. हे म्हणाले, "जाऊ दे ना. गेले ते गेले." मी म्हटलं, जाऊ द्यायला ते काय पावसाचं पाणी आहे? ह्यांचा चेहरा असा झाला होता की क्षणभर वाटलं, बरं नाही की काय. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

२४ मार्च, मंगळवार

पहिल्या सहा खुर्च्या हातगाडीवरून वाचनालयात पोचवल्या आणि तशीच ठाण्यात गेले. पोलीसबाईपुढे चिठ्ठी आणि कंपनीचं पत्र शेजारी शेजारी ठेवलं. माझी दहा बोटंही दाखवली. तिने अंगठा धरून उजेडात बघितला, स्वतःच्या अंगठ्याशी ताडून पाहिला. मग विचारलं, तेव्हा घरी कोण होतं?

मी म्हटलं, फक्त हे. पण ते माझ्या मोबाइलला हातही लावत नाहीत.

ती बराच वेळ खोकली. मग एक छापील अर्ज काढून दिला. म्हणाली, "हा घरी न्या. दोघांनी मिळून भरा. घाई करू नका." दोघांनी कशाला ते कळलं नाही. साक्षीदाराची सही लागत असेल.

२५ मार्च, बुधवार

दुपारी दुकानात बसून अर्ज भरायला घेतला. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहायचं काम त्यांना दिलं. मी सातव्या खुर्चीच्या आडव्या पट्ट्या ओढत होते आणि हे एकेक प्रश्न वाचून लिहीत होते. रक्कम किती, तारीख कोणती, आधी कोणाचा फोन आला होता का. मी म्हटलं, लिहा, नाही. पेन चालल्याचा आवाज आला नाही. पुढचा प्रश्नही ह्यांनी वाचला नाही. मी मान वर केली.

हे म्हणाले, "फोन आला होता. मी घेतला. अंगठाही माझाच आहे."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग ते सगळं सांगत गेले, खाली बघून, ऑफिसात साहेबापुढे सांगावं तसं. बरोबर अकराला जुना फोन वाजला. तो मुलगा ह्यांना सर, सर म्हणाला. तुमच्यासारखा जाणकार माणूस घरात असताना मावशींना एवढा त्रास का, म्हणाला. धोब्याच्या सदरातला पिन ह्यांनी टाकला, तो सांगेल ते एकेक बटण दाबलं आणि स्वतःचा अंगठा लावला. अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. ह्यांना वाटलं, झालं काम.

"तू रोज त्या यंत्राशी भांडत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, तू यायच्या आत करून ठेवतो. तू खूश होशील."

"मग सांगितलं का नाही?"

"दुपारी तू आलीस तेव्हा आकडा शून्य दिसला होता, तोंडातून नाही निघून गेलं. संध्याकाळी तू म्हणालीस, चूक माझी. मग मला जमलंच नाही."

बारा दिवस. बारा दिवस मी स्वतःला मूर्ख म्हणत होते आणि ह्यांच्या मोठ्या मनाचे गोडवे गात होते, तेही ह्यांच्याच रजिस्टरात. मला इतका राग आला की हातातली ओली जुडी मी बादलीत आपटली, पाणी अर्जावर उडालं. आणि नको ते बोलले. म्हटलं, दुकान बंद व्हावं म्हणून तर केलं नाहीत ना?

 ह्यांनी रुमालाने अर्ज टिपला आणि 'फोन कोणी घेतला' याच्यापुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं. पाण्याने शाई थोडी फुटली, पण अक्षर वळणदारच होतं.

२६ मार्च, गुरुवार

बोलले नाही. आठवी खुर्ची निम्मी झाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते खरं, पण दुखायचं थोडंच राहतं. दुकानाबद्दल बोलले ते मात्र खरं नव्हतं, हे मला बोलतानाच माहीत होतं.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत रजिस्टर घेऊन दारात उभे. म्हणाले, मी जाऊन येतो. मी म्हटलं, थांबा, मी पण येते.

पोलीसबाईने अर्ज वाचला आणि काहीही न बोलता ह्यांच्यासाठी खुर्ची ओढली. हे उभ्यानेच सांगायला लागले. मग ह्यांनी रजिस्टर उघडलं. मी तर थक्कच झाले. तेरा मार्चच्या पानावर सगळं नोंदलेलं. फोन किती वाजता आला, किती वाजता ठेवला, पलीकडचा माणूस काय नावाने बोलला, त्याने टाइप करायला सांगितलेलं खातेदाराचं नाव, खात्याचे आकडे, पडद्यावर शेवटी आलेला व्यवहार क्रमांक. आणि वर अनुक्रमांकही घातलेला. लुबाडून घेताना ह्यांनी त्याचं इतिवृत्त लिहून ठेवलं होतं.

पोलीसबाईची आठी पहिल्यांदाच गेली. म्हणाली, माझ्याकडे लोक येतात त्यांना वार आठवत नाही. हे तेव्हाच आणलं असतंत तर?  मग तीच म्हणाली, असू दे, आज आणलंत ना. तिने लगेच दोन ठिकाणी फोन केले. पैसे एका खात्यातून तीन खात्यांत गेले होते आणि त्यातलं एक अजून रिकामं झालेलं नव्हतं.

परत येताना रस्त्यात मी म्हटलं, दुकानाचं मी बोलले ते मागे घेते. हे म्हणाले, "नोंद नव्हतीच केली." त्यांना पुन्हा विनोद जमायला लागला आहे.

२ एप्रिल, गुरुवार

तक्रारीनंतर कंपनीने ह्यांचा ठसा रद्द केला होता, म्हणून केंद्रात तीन तास रांगेत. समोरच्या पोराने माझी बोटं पुसली, मलम लावलं, पुन्हा पुसली, दहाही लावून बघितली. मग म्हणाला, "काकू, तुमच्या बोटांवर काहीच नाही हो."

"पस्तीस वर्षांचं काम आहे," मी म्हटलं. "काही नाही कसं?"

तो ओशाळला. मग डोळ्यांवरून ओळख पटवायचं यंत्र काढलं आणि ती एका मिनिटात पटली. हे यंत्र पहिल्यापासून त्याच्या टेबलाखालीच होतं. हे त्या यंत्राकडे बघून हळूच म्हणाले, सरकारी पद्धत आहे. मग पोराने विचारलं, घरातल्या आणखी कोणाचं बोट मोबाइलला घालायचं का? हे दोन पावलं मागे सरकले. मी म्हटलं, घाला ह्यांचं. पिन यापुढे धोब्याकडे नको.

ह्यांनी अंगठा लावला, तो ताबडतोब उमटला. बाहेर आल्यावर हे म्हणाले, यापुढे कोणी मला सर म्हणालं की मी फोन ठेवणार. कानाला खडा.

आणखी एक. अकरा खुर्च्या झाल्या आहेत, अजून तेरा राहिल्या. हात आता मंदावला आहे, त्या हिशोबाने तीसला दोन कमी पडतात. माझ्या उजव्या मनगटाला सूज आली आहे.

६ एप्रिल, सोमवार

मी काही मागितलं नव्हतं. आज हे स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, उभ्या आणि आडव्या दाखव, तिरप्या तू घाल. पस्तीस वर्षं ह्या माणसाने वेताला हात लावला नव्हता. वडिलांनी शिकवायला घेतलं तेव्हा पळून जाऊन नोकरीचा अर्ज केला होता म्हणे.

पहिलाच दिवस, पट्ट्या ढिल्या, खुंट्या तिसऱ्याच भोकात. दोनदा उसवलं. दुपारपर्यंत अंगठ्याला चीर पडली. मी पट्टी बांधायला गेले तर म्हणाले, तू बांधली होतीस का? मी म्हटलं, नाही. मग नको म्हणाले.

१६ एप्रिल, गुरुवार

पोलीसबाईचा फोन आला. आधी मी नंबर ताडून पाहिला आणि मगच उचलला. रकमेतला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग अडवला गेला आहे, कागद पूर्ण झाले की परत मिळेल. बाकीच्याची आशा ठेवू नका, असं तिने स्पष्ट सांगितलं. तो गोड मुलगा काही सापडलेला नाही. सापडला तर मला एकदा भेटायचं आहे. त्याच्या आईचे हात खरंच तसे आहेत का, एवढंच विचारायचं आहे.

सतरा झाल्या. ह्यांनी विणलेल्या आडव्या पट्ट्या आता मला उसवाव्या लागत नाहीत. कधीकधी लागतात, पण सांगत नाही.

दुकानाच्या काचेवर ह्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे. 'आम्ही ऑनलाइन फसलो. फसवणुकीचा संशय असल्यास आत येऊन विचारा. माहिती विनामूल्य.' खाली वेळ, साडेदहा ते साडेपाच, मध्ये जेवणाची सुटी. लाज नाही का वाटत, मी विचारलं. म्हणाले, वाटते, म्हणून तर लावला. आज तिघं येऊन गेले. त्यातला एक आमचा वखारवाला होता, बायकोला घेऊन.

३० एप्रिल, गुरुवार

शेवटच्या सहा खुर्च्या सकाळी पोचवल्या. ग्रंथपालबाई एकेका खुर्चीवर बसून पाहत होत्या, चोवीसच्या चोवीस. एकीवर त्या जरा रेंगाळल्या, काठाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, इथे हात वेगळा वाटतो. मी म्हटलं, हो, आमच्याकडे नवीन माणूस आहे. हे खिडकीतून बाहेर बघत होते, पण कान लाल झालेले मला दिसले.

दुकानात आलो तेव्हा मोबाइल टिंग वाजला. मी वेताचे तुकडे झाडत होते, म्हटलं, बघा हो, पैसे आले का. ह्यांनी अंगठा लावला. पुन्हा लावला. शर्टाला पुसून पुन्हा लावला. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. 'ओळख पटली नाही.'

हे अंगठा घेऊन दारात उजेडाला गेले. मी चष्मा लावून मागून बघितलं. दोन आडव्या चिरा भरून आल्या होत्या, टोकाला घट्टा पडला होता, आणि मधल्या रेषा खरंच पुसट झाल्या होत्या. पिन टाकून मीच मोबाइल उघडला. पैसे आले होते, पूर्ण.

किल्ली खुंटीवरच राहिली. लेकीला कळवायला फोन लावला, तर हे माझ्या हातातून तो घेऊन आधी अंगठ्याचंच सांगत सुटले, हेडक्लार्कच्या आवाजात, तारीखवार. पलीकडून लेकीचा आवाज मला ऐकू येत होता. ती विचारत होती, बाबा, यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे? ह्यांनी फोन माझ्याकडे दिला. म्हणाले, "तूच सांग तिला."